डोहातलं लेकरू

गुरुवार, रात्रीचं जेवण झाल्यावर

पारायण संपेस्तोवर घरात कांदा बंद. रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसावर याहून मोठा अन्याय कोणता? त्यात बायकोचा, सुमनचा, चष्मा मोडलेला, म्हणून पोथी वाचायची मी. देव न मानणाऱ्यानं, तेही कांद्याविना.

पण आज राजाचं लेकरू डोहात पडलं आणि ‘पुढली कथा पुढल्या अध्यायी’ म्हणून पोथीकार मोकळा. मी घाईनं पान उलटलं, तर सुमननं वर हात ठेवला. “आजचं झालं. उद्याचं उद्या.”

“अगं, लेकरू वाचतं का न्हाई, तेवढं तरी सांग.”

“काहून? तुमी सांगता का मला, खुनी कोण ते?”

बराबर. हिंगोलीच्या पेपरात दर रविवारी माझ्या कादंबरीचा नवा भाग वाचून ती हेच विचारते, आणि मी मिशीत हसतो. काय लबाड माणूस हा पोथीकार. ते लेकरू…

जेवताना बिनकांद्याचं वरण ओरपत मी तिला हळूच खुन्याचं नाव सांगून टाकलं.