पाकिटावरचं आडनाव

सनीव्हेल,
२१ जून २०२५

प्रिय पप्पा,
सप्रेम जय भीम.

शीलामावशीकडे येऊन आज बारा दिवस झाले. मावशी मजेत आहे. रोज सकाळी ऑफिसच्या शटलसाठी पळते आणि दारातून ओरडते, "भाजी संपव, फेकलीस तर बघ!" आईचा गुडघा कसा आहे? चियांग माईहून तिच्यासाठी बाम आणलाय, तो मावशी जुलैत तिकडे येईल तेव्हा घेऊन येईल. मीच आले असते, पण तुम्ही फोनवर म्हणालात, "परत थायलंडला जायचं असेल तर रेडमंडला घरी यायची नीड नाही." मला परत जायचंय. म्हणून सनीव्हेलला उतरले.

तिकीट कॅन्सल केलेलं नाही. परवा निघते. दोन वर्षं झाली, आता फक्त प्रबंध उरलाय, आणि तो मी पुरा करणार.

आता फोटोबद्दल. विहाराच्या ग्रुपवर तो टाकला म्हणून तुम्ही रवीकाकांशी बोलणं सोडलंत, असं मावशी सांगत होती. काकांवर उगाच राग काढू नका. फोटो मीच त्यांना पाठवला आणि "ग्रुपवर टाका" म्हणून सांगितलं. तेही चौदा एप्रिलला, मुद्दाम. जयंतीच्या दिवशी तुम्ही प्रत्येक मेसेज वाचता, हे मला माहीत होतं.

तुम्ही फोटो पाहिलात: आचान सुमाली खुर्चीवर आणि त्यांच्यापुढे मी गुडघ्यांवर, कपाळ जमिनीला. (शिकवणाऱ्या सगळ्यांना तिथे आचान म्हणतात.) लगेच तुमचा फोन आला. "मान वर करायला आपल्याला चार जनरेशन्स लागल्या, आणि तू तिथे जाऊन कुणाच्या तरी पायाशी डोकं ठेवतेस?" मी काही बोलायच्या आत तुम्ही फोन ठेवलात. त्यानंतर एकदाच बोललात, ते रेडमंडला येऊ नको हे सांगायला.

पण आधीच्या वर्षीचा फोटो तुम्ही पाहिला नाहीत, कारण तो कुणी काढलाच नाही. तिथे दर वर्षी एका गुरुवारी शिक्षकांना वंदन करतात. मुलं तबकात हरळी, लाह्या आणि वांग्याची फुलं घेऊन गुडघ्यांवर सरकत शिक्षकांपर्यंत जातात. पहिल्या वर्षी सगळं सभागृह खाली बसलं आणि मी एकटी उभी राहिले. तुमचीच मुलगी ना! आठवड्याने आचाननी खोलीत बोलावलं. मी त्यांना सगळं सांगितलं: पणजोबा, चावडी, हातात घ्यावे लागणारे जोडे. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तर मग बसू नकोस. शिकवणं मी थांबवणार नाही." आणि खरंच थांबवलं नाही. ताडपत्रावरचं एकेक अक्षर त्यांनी मला बोट धरून शिकवलं. वर्षभराने मी बाजारातून वांग्याची फुलं शोधून आणली. कुणी सांगितलं नव्हतं. नसते वाकले तरी माझं काही बिघडणार नव्हतं.

तिथे स्वर्ग आहे असं समजू नका. मी अमेरिकेहून आले म्हटलं की लोक माझ्या मागे कुणी गोरं उभं आहे का ते बघतात. उजळ व्हायच्या क्रीमच्या जाहिराती तिथेही भिंतीभिंतीवर आहेत, आणि वर्गातल्या एकीने मला तसली एक बाटली वाढदिवसाला भेट दिली. मी ती तिच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. आता ती माझी मैत्रीण आहे.

पप्पा, जे लिहायला बसले ते अजून लिहिलेलं नाही.

बेलव्ह्यूला पुरुषोत्तमकाकांकडे, म्हणजे तुमच्या मॅनेजरकडे, नव्या घराचा सत्यनारायण होता. मी दहा वर्षांची होते. आईला बरं नव्हतं म्हणून आपण दोघंच गेलो होतो. काकांनी हॉलमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "सोन म्हणजे नेमके कुठले हो तुम्ही?" तुम्ही हसून म्हणालात, "नांदेडकडचे." ते म्हणाले, "तसं नाही, म्हणजे आपल्यातलेच ना?" तुम्ही उठलात, पूजेपुढे गेलात आणि गालिच्यावर कपाळ टेकलंत. बावीस प्रतिज्ञा माझ्याकडून तुम्हीच पाठ करून घेतल्या होत्या. त्यांतली कुठली मोडली, हे मला तिथल्या तिथे कळलं. गाडीत तुम्ही म्हणालात, "बेटा, आईला सांगू नकोस." मी नाही सांगितलं. चौदा वर्षं झाली, आजही सांगितलेलं नाही.

त्या दिवसाचा राग नाही पप्पा. ग्रीनकार्ड अडकलं होतं, नोकरी त्यांच्या हातात होती. तुमच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. राग आहे तो एप्रिलचा. जिथे भीती होती तिथे तुम्ही वाकलात आणि मी गप्प राहिले. जिथे भीती नव्हती तिथे मी माझ्या मनाने वाकले, तर तुम्ही मला घराचं दार बंद केलंत. हे मला मान्य नाही. ह्याच्यासाठी मी माफी मागणार नाही.

आणखी एक. थायलंडमध्ये लोकांची आडनावं एवढी लांब असतात की ती फॉर्मच्या रकान्यात मावत नाहीत. आचाननी माझं 'सोन' पाहिलं आणि विचारलं, "एवढंसंच?" मी म्हटलं, पुढचं अमेरिकेत कापलं. मला लहानपणी तुम्ही सांगायचात, इथल्या लोकांना उच्चारता येत नाही म्हणून. खरं म्हणजे ज्यांना ते नीट उच्चारता येतं आणि ऐकलं की लगेच कळतं, त्यांच्यासाठी कापलं. आचाननी सगळं आडनाव विचारून घेतलं आणि थाई अक्षरांत एका दमात लिहून दाखवलं. प्रबंधावर तेच येणार आहे.

हे पत्र आईच्या हाती लागू नये म्हणून पाकिटावर 'फक्त पप्पांसाठी' लिहिलंय. तिला सांगायचं की नाही, ते तुमच्याकडे. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव पूर्ण घातलंय. तुमचं मात्र 'लहू सोन' एवढंच ठेवलं. ते माझ्या हाताने बदलणं बरं नाही. तुम्हाला वाटलं, तर उत्तर पाठवताना तुम्हीच पूर्ण लिहा.

रेडमंडला पाऊस असेल, छत्री न्या. येत्या वर्षी वंदनाच्या गुरुवारी मी पुन्हा वांग्याची फुलं घेऊन जाणार आहे. त्या वेळी फोटो थेट तुम्हाला पाठवेन.

ताठ मानेची, तुमचीच,
उपासना लहू सोनकांबळे