सगळ्यात सोपा अमेरिकेचा इतिहास

६ एप्रिल, रविवार

अजून एक कोर्स बाद! दर आठवड्याला निबंध, वर व्हिडिओ. निबंध लिहिणार कोण — मी? नुपूरला स्क्रीनकडे बघितलं की मळमळतं.

जानेवारीत शाळेत बास्केटबॉल खेळताना पडली, डोकं आपटलं, तेव्हापासून घरीच. बाहेरून काही दिसत नाही. टाका नाही, खूण नाही. डॉक्टर म्हणतात, मेंदूला मार बसलाय, हळूहळू येईल ठिकाणावर. हळूहळू म्हणजे किती, ते सांगत नाहीत. शाळा सोडवली, अमेरिकेच्या एका ऑनलाइन शाळेत नाव घातलं. बाकीचे विषय कसेबसे ओढतोय. पण त्यांच्या डिप्लोम्याला अमेरिकेचा इतिहास सक्तीचा, कोर्स मात्र बाहेरचा कुठलाही चालतो! नाशिकची पोर, वाढली दोह्यात, आणि अडली कुठे — तर अमेरिकेच्या इतिहासात!

नुपूरच्या बाबांचं, प्रतापचं, एकच पालुपद. "जूनपर्यंत संपव. वर्ष वाया जाता कामा नये."

जसं काही ते माझ्या हातात आहे.

७ एप्रिल, सोमवार

आणखी दोन बघितले. एकात पाचशे पानांचं पुस्तक. खलास.

८ एप्रिल, मंगळवार

आमच्याच व्हिलाच्या खालच्या भागात राहणाऱ्या जैतूनभाभींना विचारलं. मूळच्या खेडच्या. त्यांचा तबिश घरीच शिकून परीक्षा पास झाला. मी आडून आडून विचारत होते — अभ्यास चांगला कुठला, शिकवतात कसं. त्या हसल्या. "वहिनी, सरळ बोला ना, सोपा कुठला! लाजायचं काय त्यात? पोरीचं डोकं आधी. अमेरिका काय पळून जातेय?"

त्यांनी एक कोर्स दाखवला. धडा नुसता ऐकायचा, शेवटी चारातलं एक उत्तर निवडायचं. निबंध नाही, प्रोजेक्ट नाही.

एवढं हलकं वाटलं की जिन्यातच बसले. मग लगेच वाटलं — आपण मुलीसाठी कमीत कमी काय चालेल ते शोधतोय. असं कधी केलं होतं का?

११ एप्रिल, शुक्रवार

इथली शुक्रवारची सुट्टी असून भांडण.

"नुसते टिकमार्क? कॉलेजवाले हसतील," प्रताप म्हणाला. मग त्याच्या ऑफिसातल्या कुणाचा तो मिहीर! मिहीरने ॲडव्हान्स्ड हिस्ट्री केली, मिहीरला अमुक मिळालं.

"मग मिहीरलाच दत्तक घे," मी म्हटलं.

मोठ्याने बोलले. नुपूरच्या खोलीचं दार आतून हळूच लागलं. मोठा आवाज तिला सहन होत नाही — हे आम्हा दोघांनाही माहीत असून!

प्रताप खाली गेला आणि गाडी पुसायला लागला. भर उन्हात. मी खिडकीतून बघत होते. एकच काच पुसतोय, पुसतोय. वर आला तेव्हा म्हणाला, "घे तोच. सोपा."

१३ एप्रिल, रविवार

सोपा म्हणे! सांगणाऱ्याचा खणखणीत आवाज, मागे ढोल. दोन मिनिटांत नुपूरने उशी कानांवर धरली. "आई, प्लीज. स्टॉप इट."

मग धड्याचा मजकूर मीच वाचून दाखवला, इंग्रजीतून. परिच्छेद संपेपर्यंत तिचे डोळे कुठेतरी दुसरीकडे.

१६ एप्रिल, बुधवार

पडदे ओढलेले. तिच्या शेजारी आडवी झाले आणि मराठीतून सांगायला लागले. धडा आधी मी वाचायचा, मग गोष्टीसारखा सांगायचा. आज बोस्टनचा चहा. इंग्रजांनी कर लावला, लोक भडकले, जहाजांवर चढले आणि पेट्याच्या पेट्या समुद्रात!

"सगळा चहा? सीरियसली?"

"सगळा."

"आजी विल फेंट."

आणि हसली! जानेवारीनंतर पहिल्यांदा. मी पुढचं विसरलेच.

२२ एप्रिल, मंगळवार

बाहेर धूळच धूळ. लुसैलच्या ऑफिसातून येताना समोरची गाडी दिसत नव्हती, म्हणाला प्रताप.

आज गुलामांना आणायच्या जहाजांचा धडा. कोर्समध्ये चार ओळी. नुपूरने विचारलं, "दे नेव्हर वेंट होम?" मला नीट सांगता येईना. चार ओळींत काय येणार! सोपा म्हणजे काय काय गाळलेला, ते आता कळतंय.

थोड्या वेळाने तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. तसाच, तेच शब्द. दमली असेल.

३० एप्रिल, बुधवार

पहिली टेस्ट. स्क्रीन माझ्याकडे. मी प्रश्न वाचला, चारही पर्याय वाचले, ती डोळे मिटून सांगायची — बी, डी, ए. नव्वद टक्के!!

प्रताप मिठाई घेऊन आला, इथला चीज घातलेला गरम कुनाफा. नाशिकला सासूबाईंना फोन. "नातीने नव्वद पाडले!" नुपूर भिंतीकडे तोंड करून झोपलेली. कुनाफा तसाच राहिला.

मला आनंद झालाय. झालाच आहे.

४ मे, रविवार

दुसरी टेस्ट — त्याहून चांगली. प्रताप पुढच्या वर्षाचे विषय बघतोय.

पण दुपारी नुपूर किचनमध्ये येऊन म्हणाली, "जेवायचं आहे ना?" ताट नुकतंच घासून ठेवलेलं. तिचंच.

प्रतापला सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

८ मे, गुरुवार

आज टेस्टच्या मध्येच तिने माझा हात धरला. "आई, तू पर्याय वाचतेस ना, त्यात बरोबर उत्तर आलं की तुझा आवाज हळू होतो."

मला कळेचना. मग कळलं.

"मला काही आठवत नाही, आई. काहीच नाही. आय जस्ट लिसन टू युवर व्हॉइस. तुम्ही दोघं इतके खूश होता..." मग अगदी बारीक आवाजात, "एक वर्ष जाऊ दे ना."

प्रताप दारात उभा होता. ऑफिसची बॅग खांद्याला तशीच. आता हा काहीतरी बोलणार म्हणून मी उठले. तो आत आला, पलंगाजवळ जमिनीवर बसला, तिच्या पायांवर हात ठेवला.

"जाऊ दे," म्हणाला.