तांड्यावर वाचायचा अंक

बा, आधी एक चूक दुरुस्त करते. मी राहते त्या सोसायटीच्या स्मरणिकेत मी तुझ्यावर लिहिलं की आमच्या घरात गोरबोलीशिवाय दुसरा शब्द नव्हता. बंजाऱ्यांच्या बोलीत साप्ताहिक काढणाऱ्याच्या घरी दुसरं काय असणार! याडीने तो लेख माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाली, "बोली माझ्याशी बोलायचा. तुझ्याशी मराठीच बोलायचा की तुझा बा. इसरलीस?" मी खोटं लिहिलं नव्हतं गं, म्हणाले. मला खरंच तसं आठवत होतं. स्वप्नात तू माझ्याशी बोलीतच बोलतोस, आणि तू गेल्याला इतकी वर्षं झाली की स्वप्नातलं कुठलं आणि घरातलं कुठलं, हे माझं मलाच निवडता येत नाही.

मग हळूहळू खरं आठवायला लागलं. सायकलवर पुढे बसवून तू मला केजच्या छापखान्यात नेतो आहेस. दोन्हीकडची रानं पांढरी पडलेली, टँकर जाऊन बराच वेळ झाला तरी धूळ खाली बसत नाही, आणि आपण तिच्यातून पाण्यातून जावं तसे जातो. आत शाईचा आणि रॉकेलचा वास. खिळे जुळवणारे काका वैतागलेले. "काय ओ बापू, तुमच्या भाषेत जिकडं तिकडं छ! खान्यातले सगळे छ संपले. दुसरं पान आता उद्या." तू हसतोस, "उद्या येतो. छ बिगर आमचं भागत न्हाई." तिथे कागदाच्या गठ्ठ्यावर बसवून तू मला पहिली अक्षरं दाखवलीस, शाळेत नाव घालायच्या कितीतरी आधी. खिळ्यावर उलटी, कागदावर सुलटी. पाणी. घर. आई. याडी नाही, आई.

दुष्काळात दसरा झाला की तांडा रिकामा व्हायचा. माणसं ऊस तोडायला लांबच्या सहकारी कारखान्यांवर जायची आणि तुझा पेपर त्यांच्या मागे. मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबलेल्या ट्रकवाल्यांच्या हाती तू गठ्ठे द्यायचास. तिकडे खोपटांत ज्याला वाचता येईल तो मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे: होळीची लेंगी गाणी, कुणाला मूल झालं, गावाकडच्या विहिरीला पाणी आलं की नाही. म्हणून छापण्याआधी तू प्रत्येक मजकूर चुलीपाशी बसून याडीला वाचून दाखवायचास. एकदा तिला हसू आलं, तेव्हा मीही मध्येच बोलीत काहीतरी विचारलं. तुझा आवाज बदलला. "मराठीत इचार. शाळंत पोरं हसत्याल." याडीने भाकरी तव्यावर तशीच ठेवली. "साऱ्या तांड्याला सांगतो बोली जपा, अन् घरच्या पोरीला दुसऱ्याची शिकवतो. लई शहाणा संपादक!" "तिला आधी उभी राहू दे," तू म्हणालास, "बोली कुठं पळून चाललीय?" "बोललं न्हाई तर पळतीच." भाकरी करपली. तुम्ही दोघं बोलीतच भांडत होता, मला सगळं कळत होतं. आजही सगळं कळतं. बोलता मात्र येत नाही.

आणि आता तोच लेख फिरत फिरत तांड्यावर पोचला आणि तिथली मुलं घरी आली. ती तुझा पेपर पुन्हा काढताहेत. पहिला अंक ऊसतोडीच्या गाड्या निघण्याआधी तांड्यावर मोठ्याने वाचायचा आणि तो मीच वाचायचा. "ताई, तुमच्या घरात तर बोलीच चालायची," असं ती म्हणाली आणि माझ्याने 'नाही' म्हणवलं नाही. तेव्हापासून मी याडीसमोर सराव करते. शब्द बोलीचे असतात, चाल मराठीची. याडी म्हणते, "शाळंतल्या बाईवानी बोलतीस. तांड्याच्या नायकाची म्हातारी हसून हसून आडवी हुईल." हसण्याची भीती तेवढी नाही, बा. भीती ही आहे, की मी अडखळले तर कुणीतरी म्हणेल, हिच्या बाने बोली कागदावरच जपली, पोरीच्या तोंडी दिली नाही. आणि ते खरं असेल. नकार कळवायला फोन हातात घेते आणि खाली ठेवते. काल याडीने तो हातातून काढूनच घेतला. "हसू दे की त्यांना. हसता हसता सांगत्याल तरी, कसं म्हणायचं ते."

तेव्हा ठरवलं. आधी उभं राहून सांगेन की लेखात चूक आहे, बोली मला अर्धीच मिळाली. मग वाचेन, आणि जिथे चुकेन तिथे बायकांनी मध्येच टोकावं. तुझ्या मराठीने मला नोकरी दिली, मान दिला, हे मी विसरलेले नाही. तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते, पण थोडा आहे. हे पत्र बोलीत सुरू केलं होतं, चार ओळींत अडकले आणि मराठीत आले, तेव्हा तो राग कळला. पाठवायला पत्ता नाही, आणि याडीलाही दाखवणार नाही. गुरुवारी दसरा आहे, शनिवारी पहाटे गाड्या निघतील. मी शुक्रवारी वाचणार आहे.