टाळ्या नकोत, पाणी हवं

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार, आणि वहिनीलाही सांग. इकडे सगळे मजेत. धाकटीला नोकरी लागली, आमचे हे पूर्वीइतकेच घोरतात. फोन केला की तू "हं" म्हणतोस आणि वहिनीच्या हाती देऊन मोकळा होतोस, म्हणून पत्र. हे तुलाच वाचावं लागेल.

आपलं गाणं रेकॉर्ड कंपनी नव्याने काढतेय. काल त्यांचा एक तरुण साहेब आला होता. म्हणाला, "मॅडम, 'खिडकी उघड, उजेड येऊ दे' या ओळीने किती लोकांना उभं केलंय! यामागची प्रेमकहाणी सांगा ना." मला हसू आवरेना. वॉर्डात उकडत होतं आणि पंखा बंद होता, एवढीच ती प्रेमकहाणी. पण सांगितलं नाही. तू शपथ घातली होतीस ना.

आठवतं? मेंदूत गुठळी झाली आणि तुझी वाचा गेली. "पाणी" म्हणायला जायचास आणि घामाघूम व्हायचास. तेव्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, बोलता येत नसलं तरी गाता येईल. मग मी तुझ्या एकेका गरजेला चाल लावली. पाणी दे, खिडकी उघड, जाऊ नको. तू पहिल्यांदा "पाणी दे" गायलास, तर शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या, नर्सबाईंनीही वाजवल्या. पाणी कुणीच आणेना! तू संतापून तेच वरच्या पट्टीत गायलास, तर "वन्स मोअर!" मी पोट धरून हसले, आणि मग जिन्यात जाऊन रडले.

पुढे त्यातूनच गाणं केलं, तुला विचारून केलं. "लोक... कीव..." एवढंच म्हणालास, आणि मी कुणाला न सांगण्याचं कबूल केलं. तेव्हापासून तू चारचौघांत तोंड उघडलं नाहीस. घरच्या लग्नातसुद्धा मागच्या खुर्चीवर. मी गप्प राहिले. आता राहणार नाही.

गेले काही महिने माझा घसा बसतोय. सर्दी आहे असं वहिनीला सांगितलं होतं. सर्दी नाही, दादा. स्वरयंत्रावर गाठ आहे, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. जिवाला धोका नाही म्हणतात, आवाजाचं मात्र कुणी छातीठोकपणे सांगत नाही. घाबरलेय, खूप घाबरलेय. पण त्याआधी रेकॉर्डिंग उरकायचंय. कंपनीवाल्यांना ध्रुवपदासाठी कुणी नवी गायिका हवी होती. मी म्हटलं, कडवी मी गाईन, आणि ध्रुवपद ज्याचं आहे तोच गाईल, नाहीतर गाणं मिळणार नाही. हक्क माझ्याकडे आहेत, तेव्हा निमूटपणे हो म्हणाले.

अडखळलास तर अडखळ. कीव करणारे करोत. त्याच ओळी गुणगुणत कितीतरी माणसं आपापल्या खाटेवरून उठली. त्या कुणाच्या तोंडून, किती कष्टाने निघाल्या, ते त्यांना कळू दे. तेवढी शपथ सोड.

गुरुवारी सकाळी गाडी घेऊन येते. यायचं नसेल तर माझ्यासमोर उभा राहून, पूर्ण वाक्यात नाही म्हण. कितीही वेळ लागू दे, मी थांबेन.

आवाज आहे तोवर एकदा दारातून "दादा" अशी हाक मारायला येणारी,

तुझी
छोटी