कोळंबीचं कवच आणि हिरवा ठिपका

आई, मी वर्षभर ज्या पांढऱ्या पावडरीवर काम केलं, ती कोळंबीच्या कवचापासून बनते. कायटोसान म्हणतात तिला. मेयोनीजमध्ये तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायचं काम अंडं करतं. अंडं काढलं की तेल वर येतं. ही पावडर व्हिनेगरच्या पाण्यात विरघळवायची आणि मिक्सर चालू ठेवून तेलाची बारीक धार सोडायची. जमलं की घट्ट, पांढरंशुभ्र मेयोनीज तयार होतं. कोळंबीचा वाससुद्धा येत नाही. महाप्याच्या आमच्या लॅबमध्ये ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. पावणे गावातल्या कोळंबीच्या शेडमागे साचणाऱ्या कवचांच्या त्या ढिगातून इतकं चांगलं काही निघतं, हे तुला सांगायला हवं होतं असं वाटलं.

त्याच शेडमध्ये तू दिवसभर कोळंबी सोलायचीस, गळ्यातली तुळशीची माळ ब्लाउजच्या आत सरकवून. मला अजून दिसतं. शाळेला सुट्टी आहे, मी तुझा डबा घेऊन आलेय आणि शेजारची मावशी तुला चिडवतेय, "ए माळकरीण, टाक की एक तोंडात! देव नाय बगत इथं." तू हात न थांबवता म्हणतेस, "देव न्हाई बघत, पन माझी पोरगी बघतीय." सगळ्या हसतात. घरी आल्यावर तू हातांना लिंबू चोळतेस, अंघोळ करतेस आणि मगच चुलीपाशी जातेस.

तुला रागावलेलं मी एकदाच पाहिलं. चाळीतल्या काकूंनी बोंबील तळलेल्या तेलातच वडे तळले आणि तुला वाढले. नंतर कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तेलच ते, मासा कुठं होता त्यात?" तू म्हणालीस, "मला सांगायचं व्हतं. खायचं का न्हाई ते मी ठरवलं असतं."

गेल्या महिन्यात आमच्या पाकिटाचं चित्र आलं. 'अंड्याविना', आणि कोपऱ्यात शाकाहाराचा हिरवा ठिपका. मी लॅबच्या सरांना म्हटलं, "सर, हे कोळंबीपासून आलंय. हिरवा ठिपका नाही चालणार."

"अगं, कवच आहे ते. मांस कुठंय त्यात?"

"घेणाऱ्याला सांगा, तो ठरवेल. नाहीतर अळंबीपासूनचं कायटोसान मागवू, तेही मिळतं."

"ते परवडणार नाही. तू कंपनीत आलीयस की देवळात? प्रोजेक्ट बंद पडला तर पहिली तूच घरी बसशील, कळतंय ना?"

कळत होतं. बाबा मार्केटमध्ये अजून पाठीवर गोणी वाहतात आणि भेटेल त्याला सांगतात, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, लॅबमध्ये आहे. तरी मी सरांच्याही वरच्या मॅडमना मेल केला. ठिपका निघाला. पण हिरव्या ठिपक्याशिवाय ते कोण घेणार, म्हणून प्रोजेक्टही थांबला. मला सध्या सॉसच्या बाटल्या तपासायला बसवलंय. नोकरी पक्की होणार का, कोणी बोलत नाही.

तू आता नाहीस, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक खरं लिहिते. तुझ्यासारखं ठामपणे बोलले असं तुला वाटेल, पण मेल केल्यावर मी सरांच्या टेबलापाशी गेले आणि सॉरी म्हणाले. कशाबद्दल, ते त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही.