एनओसीचा ठराव माझ्याच अक्षरातला

सोम. ३ नोव्हें.
नव्या पंतप्रधानांचं पहिलं भाषण. सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून टीव्हीवर पाहिलं. देश एक राहील म्हणाले, आणि सरकार लोकांच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार नाही. टाळ्या. चेअरमन सावंतांनी पेढे वाटले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

बुध. ५
नाझनीनचा फोन. ही फिजिओथेरपिस्ट; माझ्या बायकोला, फ्लोराला, स्ट्रोकनंतर हिनेच पुन्हा चालवलं, सात महिने रोज घरी येऊन. शेवटपर्यंत फ्लोरा तिचंच ऐकायची. तिची बिल्डिंग पाडताहेत. ती आणि अम्मी, दोघींसाठी इथे करंजाडेत भाड्याने जागा हवीय. नाव ऐकून चौघांनी नकार दिला. मुलगा डॅनियल इस्राएलला गेल्यापासून आमच्याच बिल्डिंगमधला त्याचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामाच. म्हटलं, ये. रडली.

शुक्र. ७
सावंतांकडे गेलो. चहा झाला.
"माझा वैयक्तिक विरोध नाही हो. पण मेंबर ऐकणार नाहीत. एनओसी नाही मिळायची."
सोमवारी टाळ्या कसल्या वाजवल्या मग, मी विचारलं.
"ते देशाचं झालं, राजपूरकर. ही सोसायटी आहे."
मी तरी कुठे हिंदू आहे, ज्यूच ना, म्हटलं. हसले. "तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही आमच्यातलेच."
बारा वर्षं राहतोय इथे. कुणीतरी मला आत घेतलं होतं, हे आज कळलं.

रवि. ९
जुनी फाइल काढली. भाडेकरू ठेवण्याआधी कमिटीची एनओसी सक्तीची. ठराव माझ्याच अक्षरात, सेक्रेटरी होतो तेव्हाचा. निमित्त भाडेकरूंच्या पार्किंगवरून झालेल्या भांडणाचं. फ्लोरा म्हणाली होती, "घर त्यांचं, परवानगी तुझी कशाला?" केवढा चिडलो होतो तिच्यावर. आता कुणावर चिडू?

सोम. १०
सावंतांना लेखी दिलं: ठराव रद्द करायला सभा बोलवा. "म्हातारपणी वाकडेपणा कशाला घेता?" लिफ्टमध्ये शेजारच्या पवारवहिनी मोबाइलमध्येच बघत राहिल्या.

गुरु. १३
नाझनीनचा मेसेज: अंकल, माझ्यामुळे तुम्हाला त्रास नको, आम्ही मुंब्र्याला बघतो. लगेच फोन लावला. म्हटलं, कुठे जायचं नाही, मी बघतो.
"अम्मी म्हणते, शेजारीपाजारी बोलणार नसतील तर त्या घराचं काय करायचं?"
ठराव रद्द होईलही, पण पवारवहिनींना बोला म्हणून कोणता ठराव...

रवि. १६
सकाळी दोघी येऊन फ्लॅट पाहून गेल्या. मीच आग्रह केला. अम्मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बराच वेळ उभ्या होत्या. "उजेड छान आहे," एवढंच म्हणाल्या. जिना उतरताना समोरून सावंत. अम्मींनी सलाम केला. सावंतांचा हात अर्धा वर आला, मग खिशात गेला.
सावंतांनी शेवटी सभा बोलावलीय, आज संध्याकाळी सहाला. जिंकलो तर राहायला याल ना, हे दोघींना विचारायचं धाडस झालं नाही.