निळ्या फुलांच्या थाळ्या

ऑग्डेन लेक, विस्कॉन्सिन
रविवार, १३ ऑक्टोबर

प्रिय डोरीन,

खजुराचं खोकं मंगळवारी पोचलं, तुझं पत्र त्याच्या आदल्या दिवशी. एकटीला एवढे खजूर संपणार नव्हते, म्हणून अर्धे ऑरिनकडे दिले. इकडे पानं बहुतेक झडली. तळ्यातला बोटीचा लाकडी धक्का ऑरिनने आणि त्याच्या जावयाने, ट्रेंटने, हिवाळ्यासाठी काढून काठावर आणून ठेवला. मी कॉफी करून दिली आणि खिडकीतून बघत राहिले. खांदा आता दुखत नाही, फक्त बंदुकीचा दस्ता त्याला लावायचा नाही, असं डॉक्टरांनी पुन्हा बजावलंय.

फोनवर तू विचारलंस ते मी ऐकलं होतं. लाइन खराब नव्हती. त्याचं उत्तर नंतर देईन.

फोनवर अर्धवट सांगितलं ते असं की मी रोलीच्या रिव्हॉल्व्हरचा सराव सुरू केलाय. लांब बंदूक मला जमणार नाही आणि हरणाच्या शिकारीचा हंगाम तर बसून घालवायचा नाही. तू फोनवर गप्प झालीस तेव्हा तुझ्या मनात काय आलं ते मला कळलं. ते नाही, डोरीन. पण तुझी झोप जाऊ नये म्हणून सांगते, काडतुसं माझ्याकडे नसतात. ती ऑरिनच्या घरी कपाटात, कुलपात असतात आणि हे मीच त्याला सुचवलं. तो म्हणाला, "बरं." एवढंच. माझा दीर म्हणजे रोलीचाच मोठा भाऊ, त्या घरात कुणी जास्त बोलत नाही हे तुला माहीतच आहे.

मला रोलीचं मचाण हवंय. शिकारीच्या कॅम्पच्या मागे, ओढ्यावरच्या उंचवट्यावर आहे ते. ट्रेंटने उन्हाळ्यातच विचारून ठेवलं होतं. वाईट मुलगा नाही तो, मचाण रिकामं राहणार म्हणून विचारलं. ऑरिन म्हणाला, "मार्लिसच्या पाच थाळीत बसल्या तर मार्लिसचं, नाहीतर तुझं." तू कॅम्पवर कधी रमली नाहीस, म्हणून सांगते: हंगामाच्या आधी प्रत्येकाने ऑरिनसमोर कागदी थाळीत पाच गोळ्या बसवायच्या. ज्या अंतरावरून पाचही बसतील, तेवढ्याच अंतरावरून हरणावर चाप ओढायचा. त्याच्या पलीकडचं हरीण बघायचं आणि सोडून द्यायचं. रोलीचं मचाण ओढ्यापासून पन्नास यार्डांवर आहे, म्हणजे मला पन्नासवरून पाच बसवायला हव्यात.

थाळ्या कुठल्या वापरते, सांगू? एप्रिलमध्ये रोलीच्या दफनानंतर चर्चच्या तळघरातल्या जेवणासाठी तू घाऊक दुकानातून आणलेल्या. जाड, काठाला निळी फुलं असलेल्या. त्या दिवशी हॅम सँडविचला माणसं कमी पडली आणि थाळ्या उरल्या. गॅरेजमध्ये पडून होत्या. ऑरिनने पहिली थाळी खुंट्याला लावली, जरा वेळ तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "फुलांवर लागलेली धरायची नाही. पांढऱ्यात हवी."

काल क्लबच्या मैदानावर गेलो होतो. पाचातली एक पांढऱ्यात, एक फुलात आणि बाकीच्या मातीच्या बांधात. ऑरिन थाळी काढून आणत म्हणाला, "जेवण वाढायला अजून चालेल ही."

"रोलीच्या पहिल्या दिवशी किती बसल्या होत्या?" मी विचारलं.

"रोली तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याने खुंटा फोडला होता. बाबांनी त्याला नवा खुंटा तासायला लावला."

मला हसू यायला हवं होतं. मी हसले, म्हणजे तोंडाने तसं केलं.

भिंत तुला आठवते ना? कॅम्पच्या घरातली, शेकोटीच्या वरची. ज्याचा नेम चुकतो, त्याच्या शर्टाचं मागे लोंबणारं टोक, आम्ही त्याला शेपूटच म्हणतो, कात्रीने कापून तिथे ठोकतात. खाली नाव आणि साल. आपल्या बाबांची तीन आहेत. ऑरिनची तर रांगच आहे. रोलीचं एकही नाही. तो चाप ओढायचाच नाही. खात्री नसली की हरीण जाऊ द्यायचा आणि संध्याकाळी सगळ्यांचे टोमणे खात ब्रँडी प्यायचा. "माझे शर्ट महाग असतात," म्हणायचा. ते खोटं होतं, मीच घ्यायचे ते.

सरावाला त्याचा हिरवा-काळा चौकड्यांचा लोकरी शर्ट घालते. गरम आहे. धुतलेला नाही.

खजुराबद्दल आभार.
तुझी,
मार्लिस

*

बुधवार, ६ नोव्हेंबर

प्रिय डोरीन,

काल बर्फाचा पहिला पातळ थर पडला आणि दुपारपर्यंत वितळला. पाइप गुंडाळून घेतले. घर तापवायची भट्टी तपासणारा येऊन गेला. सगळं ठीक आहे.

सरावात मी पुढे चालले होते, मग अडकले. पाचातल्या तीन बसायच्या, कधी चार, आणि उरलेली नेहमी खाली, डावीकडे. ऑरिन दोन रविवार नुसता बघत होता. तिसऱ्या रविवारी त्याने रिव्हॉल्व्हर माझ्या हातातून घेतलं, पाठ करून भरलं आणि परत दिलं. "चालव."

पहिली सुटली. दुसऱ्या वेळी चाप ओढला आणि नुसतं टिक झालं. आत खोटं काडतूस होतं. बंदूक शांत होती, आवाज नाही, धक्का नाही, आणि तरीही माझ्या हातातली नळी खाली गेली, डोरीन. चांगली वीतभर. कुणीतरी वरून दाबावी तशी.

"दिसलं?" ऑरिन म्हणाला.

"काय झालं?"

"काहीच झालं नाही. तेच दाखवतोय. बार व्हायच्या आधीच तू दचकतेस. खरा बार झाला की धक्क्यात ते झाकून जातं, म्हणून तुला कळत नाही."

"मी दचकत नाही. मला काहीच होत नाही."

"हाताला होतंय," तो म्हणाला आणि पुन्हा पाठ करून भरायला लागला.

त्या दिवशी त्याने किती वेळा खऱ्यात खोटं मिसळून दिलं, मोजलं नाही. दर टिकला नळी खाली. मागच्या बाकावरचा एक म्हातारा आपली बंदूक बाजूला ठेवून बघायला लागला, तेव्हा ऑरिन त्याला म्हणाला, "तिकीट काढलंय का?" तो परत आपल्या कामाला लागला.

खोटी काडतुसं ऑरिननेच बनवलीत. दिसायला अगदी खऱ्यासारखी, पुढे गोळीही आहे, आत दारू नाही. ओळखता यावीत म्हणून बुडाला माझ्याच नेलपॉलिशचा लाल ठिपका. ती त्याने मला घरी सरावाला दिली. देताना म्हणाला, "ही आणि खरी एका खिशात कधी ठेवायची नाहीत."

"खरी तर तुझ्याकडे कुलपात आहेत."

"आज आहेत," तो म्हणाला.

म्हणून आता रोज सकाळी न्याहारीनंतर स्वयंपाकघरात उभी राहते, भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरते आणि टिक करते. नळी खाली जाते. पुन्हा घोडा चढवते. पुन्हा टिक. मग भांडी.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी टाळते, ते आता लिहिते, कारण लिहायला सोपं आहे. नाही, मी रडले नाही. एकदाही नाही. गॅरेजमध्ये तो टायरच्या शेजारी पडलेला दिसला, तेव्हा मी फोन केला, रेडिओ बंद केला, आणि गाडी येईपर्यंत ड्रायरमधले टॉवेल घड्या करून ठेवले. सगळे. कडा जुळवून. चर्चमध्ये तू माझा हात धरला होतास तेव्हा मी विचार करत होते की थाळ्या जास्त झाल्यात. मला वाटलं होतं रडणं उन्हाळ्यात होईल. मग वाटलं, तळ्यातला धक्का काढतील तेव्हा होईल.

मचाण मला हरणासाठी नकोय. मला वाटतं, तिथे बसले की होईल. तिथे तो सगळ्यात जास्त तो असायचा. ट्रेंटला ते दिलं तर माझ्याकडे दुसरी जागा उरत नाही.

हे ऑरिनला सांगितलेलं नाही. त्याला माहीत असावं.

तुझी,
मार्लिस

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी हे लिहिते. आज दुपारी पाच बसल्या. पाचही पांढऱ्यात. ऑरिनने थाळी दुमडून गाडीत टाकली आणि म्हणाला, "ट्रेंटला आज वाईट बातमी आहे." खोटी दिली तेव्हाही नळी फक्त थरथरली.

*

रविवार, २४ नोव्हेंबर
कॅम्पवरून

प्रिय डोरीन,

इथे पत्रपेटी नाही, गावात गेले की टाकेन. बाहेर ट्रेंट लाकडं फोडतोय आणि ऑरिन भांड्यातली मांस-राजम्याची तिखट उसळ ढवळतोय. त्यात तो काय घालतो हे विचारायचं नसतं.

काल हंगामाचा पहिला दिवस. उजाडायच्या आधी निघालो. पायवाट फुटते तिथे ऑरिनने मोज्यात बांधलेली खरी काडतुसं माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या वाटेने गेला.  ती मी मोज्यातून काढून शर्टाच्या खिशात टाकली. नारिंगी जाकिटाच्या आतला रोलीचा शर्ट. त्याच खिशात मी तीन आठवडे लाल ठिपक्याची काडतुसं ठेवत आले होते. आठवलंच नाही. हातमोजे घातलेल्या हाताला ती जाणवलीही नाहीत.

मचाणावर बसले. शिकारीची वेळ झाल्यावर अर्ध्या उजेडात रिव्हॉल्व्हर भरलं. त्या उजेडात लाल रंग दिसत नाही.

बसून राहिले. त्याच्या पाठीने फळी गुळगुळीत झालीय. खिळ्याला त्याचा कप अजून अडकवलेला आहे, आत पाईनच्या सुया. मी वाट बघत होते. हरणाची नव्हे. काही झालं नाही. ओढा वाहत होता, एक खार वर-खाली करत होती. थंडी पायातून वर आली. मी त्याचं नाव मोठ्याने घेऊन पाहिलं. खार थांबली, मग पुन्हा चालू लागली. मला कळलं की इथेही होणार नाही, आणि त्याचंही मला काही वाटलं नाही.

मग नर आला. सहा टोकांच्या शिंगांचा, मान जाड झालेला. ओढ्याच्या अलीकडे, पन्नासच्या आत, आडवा उभा राहिला. मी घोडा चढवला. नळीचं पुढचं टोक हरणाच्या खांद्याच्या मागे धरलं. चाप हळू ओढत नेला.

टिक.

नळी हलली नाही, डोरीन. केसभरही नाही. टोक होतं तिथेच होतं आणि त्याच्यामागे हरीण. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि झाडीत शिरलं. पळालंही नाही, चालत गेलं.

रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडून बघितलं. तोपर्यंत लाल दिसण्याएवढा उजेड झाला होता.

दुपारी कॅम्पवर खरं ते सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, पण ऑरिनने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "किती यार्ड?"

ट्रेंट माझ्या बाजूने उभा राहिला. त्याने तसं करायची गरज नव्हती. "गोळी सुटलीच नाही तर नेम चुकला कसा? शेपूट कापता येणार नाही."

"हरीण उभं होतं?" ऑरिनने मला विचारलं.

"होतं."

"चाप ओढलास?"

"ओढला."

"आणि हरीण आता कुठे आहे?"

"गेलं."

"मग ही शाळा आहे का, की प्रश्न नीट विचारला नव्हता म्हणून मार्क द्यायचे?" ऑरिन ट्रेंटला म्हणाला. "कात्री आण. एका खिशात ठेवू नकोस, असं मी हिला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," मी म्हणाले, आणि जाकीट काढलं.

ट्रेंट कात्री घेऊन आला तोवर ऑरिन माझ्याजवळ आला होता, आणि मग त्याने शर्ट बघितला. कात्री हातात घेतली आणि तसाच उभा राहिला.

"हा त्याचा आहे," तो म्हणाला.

"हो."

"आत जा, दुसरा घालून ये. तो कापू."

"चुकले तेव्हा हाच अंगात होता."

"मार्लिस, त्याचं भिंतीवर एकही नाही."

"मला माहीत आहे. मीच घ्यायचे त्याचे शर्ट."

ऑरिनने कात्री उघडली आणि परत मिटली. एवढा मोठा माणूस, त्याला ते जमेना. ट्रेंट शेकोटीकडे बघत राहिला. शेवटी मी हात पुढे केला, कात्री घेतली, शेपूट मागून पुढे ओढलं आणि कापलं.

जाड लोकर आहे ती. सहज कापली जात नाही. कात्री चावत चावत जाते आणि करकर आवाज होतो. अर्ध्यात आले तेव्हा त्या कापडातून त्याचा वास आला, तंबाखूचा आणि चेन करवतीच्या तेलाचा, आणि मला दिसलं की आता हा शर्ट त्याला कधी घालता येणार नाही. एप्रिलपासून येणार नव्हताच, डोरीन, पण ते मला काल दिसलं.

पुढचं ऑरिनने कापलं. माझ्या हातात कात्री राहिली नाही. मी खाली लाकडाच्या पेटीवर बसले होते आणि माझ्या तोंडातून जो आवाज येत होता, तो मी आधी ओळखला नाही. ट्रेंटने चूल बंद केली, मग परत लावली. कुणी मला गप्प बस म्हणालं नाही. खूप वेळाने ऑरिनने ब्रँडी आणून दिली आणि विचारलं, "खाली नाव कुणाचं लिहू?"

मी म्हणाले, "दोघांचं. शर्ट त्याचा, चूक माझी."

तसंच लिहिलंय. आपल्या बाबांच्या शेजारी ठोकलंय, हिरव्या-काळ्या चौकड्या, तू आलीस की दारातूनच दिसेल.

उद्या पुन्हा मचाणावर जाणार आहे. सकाळी ऑरिनने माझा खिसा स्वतः उलटा करून झटकला.

ख्रिसमसला ये. तू विकायला सांगतेस, पण घर मी विकत नाही; मागची खोली मात्र तुझ्यासाठी गरम करून ठेवते. आणि येताना थाळ्या घेऊन ये, उरलेल्या सगळ्या भोकं पडून संपल्या. या वेळी जेवायला हव्यात.

रडलेली,
तुझी मार्लिस